टक्का कोणत्या शंभरातला?

युनेस्कोच्या सांख्यिकी संस्थेने 2019 साली प्रसिद्ध केलेल्या तक्त्यात जगभरातल्या संशोधकांमध्ये स्त्रियांचं प्रमाण 29.3 टक्के दिसतं. मध्य आशियात ते 48.2, लॅटिन अमेरिका आणि कॅरिबियनमध्ये 45.1, अरब देशांत 41.5. उत्तर अमेरिका आणि पश्चिम युरोप 32.7 वर, पूर्व आशिया आणि पॅसिफिक 23.9 वर. तळाला दक्षिण व पश्चिम आशिया, 18.5 टक्के.

असा तक्ता समोर आला की लगेच कारणमीमांसा सुरू होते. संस्कृती, धर्म, मुलींची आवड, आईवडिलांचा दबाव. यातलं काही खरंही असेल. पण हे शंभर कोण होते आणि ते मोजले कसे, हे आधी बघायला हवं. ते न बघता काढलेले निष्कर्ष मला धोकादायक वाटतात, कारण त्यांच्या आधारावर धोरणं ठरतात.

त्या तक्त्याच्या टिपा बारीक अक्षरांत आहेत. बहुतेक देशांचे आकडे शिरगणतीचे आहेत, म्हणजे संशोधन करणारी प्रत्येक व्यक्ती एक धरलेली आहे. भारताचा आकडा मात्र पूर्णवेळ-समतुल्य पद्धतीचा आहे. चीनसाठी तर नुसते संशोधक न घेता तंत्रज्ञ आणि सहायकांसह सगळे संशोधन-कर्मचारी धरले आहेत. जगातले सर्वांत मोठ्या लोकसंख्येचे दोन देश, आणि दोघांची मोजपट्टी इतरांपेक्षा वेगळी.

पूर्णवेळ-समतुल्य म्हणजे माणसं न मोजता त्यांनी संशोधनाला दिलेला वेळ मोजायचा. एखाद्या विद्यापीठ विभागात दहा जण आहेत, पाच स्त्रिया आणि पाच पुरुष. शिरगणतीत स्त्रिया 50 टक्के. आता समजा, पुरुषांना कामाच्या वेळातला 60 टक्के वेळ संशोधनासाठी मिळतो. स्त्रियांकडे तासिका, परीक्षा आणि समित्या जास्त असल्यामुळे त्यांना 30 टक्केच मिळतो. पुरुषांचा एकूण वेळ झाला तीन पूर्णवेळ संशोधकांइतका, स्त्रियांचा दीड. टक्केवारी थेट 33 वर आली. माणसं तीच, विभाग तोच. दोन्ही आकडे खरे आहेत आणि दोन्ही हवेत: पहिला सांगतो दारातून आत कोण आलं, दुसरा सांगतो आत आल्यावर संशोधनाला वेळ कुणाला मिळाला. या मोजणीचे आंतरराष्ट्रीय नियम ‘फ्रास्काती मॅन्युअल’मध्ये आहेत. इटलीतल्या फ्रास्काती इथे 1963 साली झालेल्या बैठकीतून ते तयार झालं. नियम पक्के आहेत, पण वेगवेगळ्या पद्धतींचे आकडे एकाच तक्त्यात शेजारी शेजारी बसले की वाचणारा फसतो.

दुसरा घोळ संशोधन कुठे होतं याचा. जपान आणि दक्षिण कोरियात संशोधनावरच्या खर्चापैकी तीन चतुर्थांशाहून जास्त खर्च कंपन्या करतात. मध्य आशियात संशोधन मुख्यतः सरकारी संस्था आणि विद्यापीठांत चालतं. जवळपास सगळीकडे कंपन्यांच्या प्रयोगशाळांमध्ये स्त्रियांचं प्रमाण विद्यापीठांपेक्षा कमी असतं. त्यामुळे दोन देशांतली विद्यापीठं स्त्रियांना सारखीच वागवत असली, कंपन्याही सारख्याच असल्या, तरी कंपन्यांचा वाटा मोठा असलेल्या देशाची एकूण टक्केवारी खाली येते. मध्य आशियाच्या उंच आकड्यामागे सोव्हिएत काळात मुलींसाठी उघडलेल्या विज्ञानशिक्षणाचा वारसा आहे, यात शंका नाही. पण त्याच देशांचा संशोधनखर्च आज राष्ट्रीय उत्पन्नाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे. जिथे पैसा आटतो तिथे समता दिसते, हे चित्र सुखावणारं नाही.

विद्यार्थिनींच्या आकड्यांतही हेच होतं, आणि तिथलं उदाहरण जास्त गाजलेलं आहे. गिजबर्ट स्टूट आणि डेव्हिड गिअरी या मानसशास्त्रज्ञांनी 2018 साली मांडलं की स्त्री-पुरुष समता जास्त असलेल्या देशांत विज्ञान-तंत्रज्ञानाकडे वळणाऱ्या मुली कमी असतात. ‘समतेचा विरोधाभास’ म्हणून ही कल्पना जगभर पसरली. हार्वर्डच्या सारा रिचर्डसन आणि सहकाऱ्यांनी तीच आकडेवारी घेऊन गणित करून पाहिलं, तर उत्तरं जुळेनात. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीधरांमध्ये स्त्रियांचा वाटा किती, असं लेखात म्हटलं होतं. प्रत्यक्षात मोजला होता तो वेगळाच निर्देशांक. मूळ लेखकांना विस्तृत दुरुस्ती छापावी लागली.

फरक काय पडतो ते लहान आकड्यांवर पाहू. शंभर पदवीधर घ्या, 60 मुली आणि 40 मुलगे. विज्ञान-तंत्रज्ञानाची पदवी घेतलेल्या मुली 15 आणि मुलगेही 15. वर्गात डोकावलं तर निम्म्या मुली दिसतील, म्हणजे वाटा 50 टक्के. पण मुलींपैकी विज्ञानाकडे गेल्या 25 टक्के, मुलग्यांपैकी 37.5. या दोन टक्केवारींची बेरीज 62.5, आणि त्यात मुलींचा हिस्सा 40 टक्के. लेखात प्रत्यक्षात वापरलेला निर्देशांक हाच. इतर विद्याशाखांत जितक्या जास्त मुली शिकतील, तितका हा निर्देशांक खाली जातो. विज्ञानाच्या वर्गातली एकही मुलगी कमी झालेली नसताना! रिचर्डसन यांच्या गटाला आणखी एक गोष्ट आढळली: समता मोजण्याचा निर्देशांक बदलला की तो संबंधच उरत नाही.

भारताचा आकडाही असाच उलगडून पाहावा लागतो. उच्च शिक्षणाच्या 2021-22 च्या अखिल भारतीय सर्वेक्षणात विज्ञान शाखेत 57.2 लाख विद्यार्थी होते, त्यांत 29.8 लाख मुली, म्हणजे निम्म्याहून जास्त. पण अभियांत्रिकी या शाखेत धरलेली नाही आणि तिथे मुली जेमतेम तीस टक्क्यांच्या घरात आहेत. ‘मुली विज्ञानात पुढे’ आणि ‘मुली तंत्रज्ञानात मागे’ हे दोन्ही मथळे एकाच सर्वेक्षणातून निघू शकतात.

मला सर्वांत खटकतं ते असं की हे सगळे आकडे एका क्षणाचे असतात. युरोपीय आयोगाच्या 2021 च्या अहवालात पीएच.डी. मिळवणाऱ्यांत स्त्रिया 48 टक्के होत्या आणि सर्वोच्च श्रेणीच्या प्राध्यापकांत 26 टक्के. वाटेत इतक्या गळल्या, असा अर्थ लगेच काढला जातो. पण आजच्या प्राध्यापिका वीस-पंचवीस वर्षांपूर्वी पीएच.डी. झालेल्या आहेत आणि तेव्हा हे प्रमाण कमी होतं. त्यामुळे दरीचा काही भाग नुसता काळाचा आहे. उरलेला भाग अन्यायाचा, आणि तो किती हे कळायला त्याच स्त्रियांचा माग वर्षानुवर्षं ठेवावा लागतो: पीएच.डी. कधी झाली, पहिली कायम नोकरी कधी लागली, अर्ज केला का, निवड झाली का, मूल झाल्यावर निधी थांबला का. वयोगट, क्षेत्र आणि पद यांनुसार फोड करून असे तक्ते दरवर्षी छापायला विद्यापीठांना नवं सर्वेक्षणही लागणार नाही. नेमणुकांच्या फायलींमध्ये या बहुतेक तारखा आधीच नोंदलेल्या असतात.