जुन्या मोटारबोटीचे वायरिंग : मीटर, दिवे आणि जोडसामान

मोटारबोटीतील बॅटरी, इंजिन, डॅशबोर्डवरचे मीटर, दिवे, पंप आणि हॉर्न यांना जोडणाऱ्या वायरी, स्वीच व फ्यूज यांच्या जाळ्याला बोटीचे वायरिंग म्हणतात. लहान बोटींत ते जवळजवळ नेहमी १२ व्होल्ट डीसीचे असते. नव्या बोटीत हे जाळे कारखान्यातून बांधून येते आणि त्याचा नकाशा मिळतो. जुन्या बोटीत मात्र मूळ वायरिंगवर दोन-तीन मालकांनी आणि त्यांच्या मिस्त्रींनी चढवलेले थर असतात. कुणी गाण्यांचा टेप बसवलेला असतो, कुणी जादा दिवा ओढलेला असतो, कुणी जळालेल्या फ्यूजच्या जागी तांब्याचा तुकडा घातलेला असतो. अशा बोटीत वायर कुठून आली आणि कुठे गेली हे शोधण्यातच निम्मा वेळ जातो.

नाशिकमधील परिस्थिती

नाशिकला समुद्र नाही, पण मोटारबोट या शहराला परकी नाही. गंगापूर धरणाच्या जलाशयावर महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचा बोट क्लब आहे. गोदावरीला मोठा पूर आला, जसा ऑगस्ट २०१९ मध्ये आला होता, की बचावकार्यासाठी मोटार लावलेल्या बोटी लागतात. रबरी बचाव बोटीत वायरिंग नावापुरतेच असते. खरा पसारा डॅशबोर्ड आणि स्टिअरिंग असलेल्या फायबर बोटीत असतो.

गोड्या पाण्यात वायरी खाऱ्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त टिकतात. पण किनाऱ्यावर काही हंगाम काढून मग ट्रेलरवरून कसारा घाट चढून आलेली बोट मीठ सोबत घेऊन येते. मीठ हवेतला ओलावा ओढत राहते, त्यामुळे बोट समुद्रापासून दूर आली तरी गंजणे थांबत नाही. वरून वायर धडधाकट दिसते. टोकाचे आवरण हाताच्या बोटाएवढे सोलले की आतले तांबे काळे पडलेले आणि कुठे कुठे हिरवी पूड धरलेले निघते. आणखी सोलून लखलखीत तांबे लागले तर तेवढा तुकडा कापून काम भागते. हातभर मागे जाऊनही काळेच निघाले तर ती वायर अख्खी बदलायची.

या कामाला माणूस शोधताना नाशिककर साहजिकच ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जातो. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींमुळे वाहनांचे काम जाणणारे हात इथे भरपूर आहेत आणि १२ व्होल्टचे तत्त्व गाडीत व बोटीत एकच. फरक एका सवयीचा आहे, आणि जुन्या बोटींतले बरेचसे बिघाड त्या सवयीतूनच निपजलेले असतात.

परतीची वायर

मोटारगाडीत बॅटरीचे निगेटिव्ह टोक लोखंडी बॉडीला जोडलेले असते. दिव्याला एकच वायर न्यायची, दुसरे टोक जवळच्या स्क्रूला आवळायचे, की झाले ‘बॉडी अर्थ’. फायबरची बोट विजेच्या दृष्टीने लाकडासारखीच, तिच्यातून करंट जात नाही. डेकवरच्या स्टीलच्या कड्याला किंवा स्क्रूला अर्थ दिला तर तो कुठेच पोचत नाही. ॲल्युमिनियमच्या बोटीतून करंट जातो, पण तिथेही बॉडी परतीसाठी वापरत नाहीत. भटका करंट पाण्यात उतरला की धातू खाऊ लागतो. म्हणून बोटीत प्रत्येक उपकरणाला दोन वायरी लागतात, एक जाण्याची आणि एक परत येण्याची.

या परतीच्या वायरी डॅशबोर्डमागे एका पितळी पट्टीवर एकत्र येतात आणि तिथून एक जाड वायर इंजिनाच्या ब्लॉकला किंवा थेट बॅटरीच्या निगेटिव्हला जाते. जुन्या बोटीत पहिला संशय या जाड वायरीवरच घ्यावा. तिचे थिंबल, म्हणजे टोकाला दाबून बसवलेला धातूचा जोड, सैल पडले किंवा गंजले की विचित्र लक्षणे दिसतात. दिवे लावले की पेट्रोलचा काटा हलतो, हॉर्न दाबला की आरपीएमचा (इंजिनाच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांचा) काटा खाली येतो, पंप चालू केला की मीटरच्या आतले बल्ब मंदावतात. मालकाला वाटते मीटर गेले, आणि तो नवा मीटर आणतो. नवा मीटरही तसाच नाचतो.

तपासणी सोपी आहे. सगळे दिवे आणि पंप चालू ठेवायचे, व्होल्ट मोजणाऱ्या मल्टीमीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि लाल पिन डॅशबोर्डमागच्या पट्टीवर टेकवायची. आकडा शून्याच्या आसपास, फार तर ०.२-०.३ व्होल्ट हवा. अर्धा व्होल्ट किंवा त्याहून जास्त दिसला तर परतीची वायर बारीक आहे किंवा तिचा जोड खराब आहे.

वायरची जाडी, जोड आणि रंग

बाजारात आपल्याकडे वायर चौरस मिलिमीटरवर मिळते, तर बोटींच्या परदेशी पुस्तिकांत अमेरिकी गेज लिहिलेला असतो. १६ गेज म्हणजे सुमारे १.३ चौ. मिमी, १४ म्हणजे २.१, १२ म्हणजे ३.३ आणि १० म्हणजे ५.३. गेजचा आकडा वाढतो तशी वायर बारीक होते. जाडी ठरवताना जाण्या-येण्याची मिळून लांबी धरतात. डॅशबोर्डपासून मागच्या पंपापर्यंत ५ मीटर अंतर असेल तर वायर १० मीटर. पंप ५ अँपिअर ओढत असेल तर १.५ चौ. मिमी वायरीत सुमारे ०.५८ व्होल्ट, म्हणजे जवळपास ५ टक्के, वाटेतच खर्च होतात. २.५ चौ. मिमी वापरली तर ही घट ३ टक्क्यांच्या आत येते. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या मानकात दिशादर्शक दिवे आणि इंजिनखोलीचा पंखा यांसाठी ३ टक्के, तर कमी महत्त्वाच्या उपकरणांसाठी १० टक्के घट चालते.

वायर बहुतारी, म्हणजे अनेक बारीक तारांची हवी. एकतारी वायर कंपनाने आतल्या आत तुटते. कथिलाचा मुलामा दिलेले तांबे उत्तम, पण ते नाशिकच्या इलेक्ट्रिकल दुकानात सहसा ठेवलेले नसते, बहुधा मुंबईहून मागवावे लागते. केवळ गोड्या पाण्यात फिरणाऱ्या बोटीला चांगली ऑटो वायरही बरीच वर्षे पुरते. जोडात कंजुषी मात्र करू नये. दोन वायरी पिळून वर काळी टेप गुंडाळणे ही बोटीतली सर्वांत वाईट सवय, कारण उन्हात टेपचा गोंद वितळतो आणि त्या खाचेत पाणी थांबते. योग्य मापाचे थिंबल प्लायरने दाबून त्यावर आतून गोंद असलेली, उष्णतेने आकसणारी स्लीव्ह चढवावी. नुसत्या सोल्डरवर भिस्त ठेवू नये. सोल्डर संपते तिथे वायर कडक होते आणि कंपनाने नेमकी तिथेच तुटते.

अमेरिकी बनावटीच्या बोटींत रंगांचा संकेत असतो : जांभळी वायर किल्लीनंतरच्या विजेची, राखाडी आरपीएमची, गुलाबी पेट्रोलच्या मीटरची, फिकट निळी ऑइल प्रेशरची, तपकिरी-पिवळसर तापमानाची, काळी परतीची. जपानी इंजिनांचे रंग वेगळे. यामाहाच्या आउटबोर्डवर, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावायच्या इंजिनावर, हिरवी वायर आरपीएमचा सिग्नल नेते. घरगुती वायरिंगच्या सवयीने कुणी ती अर्थ समजून पट्टीला आवळली, तर आरपीएमचा काटा जागचा हलत नाही. मधल्या काळात कुणी हाताला लागेल त्या रंगाची वायर वापरली असेल तर रंगावर विसंबण्यात अर्थ नाही. दोन्ही टोके सोडवून मल्टीमीटरच्या बीप आवाजावर वायर ओळखावी आणि तिला चिठ्ठी लावावी.

मीटर

पुराची पातळी गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून सांगणाऱ्या शहराला मीटरचे महत्त्व सांगायला नको. फरक एवढाच की मारुतीला वायर लागत नाही. बोटीतल्या बहुतेक मीटरांना मागे तीन टोके असतात : ‘आय’ला किल्लीतून वीज येते, ‘एस’ला सेंडरची वायर आणि ‘जी’ला परतीची. सेंडर म्हणजे टाकीत किंवा इंजिनावर बसवलेला, अवरोध बदलणारा भाग. पेट्रोलच्या टाकीत तो तरंगणाऱ्या फ्लोटला जोडलेला असतो.

सेंडर मुख्यतः दोन पद्धतींचे असतात. अमेरिकी सेंडर रिकाम्या टाकीला सुमारे २४० ओहम आणि भरलेल्या टाकीला ३३ ओहम दाखवतो. युरोपीय सेंडर उलटा, रिकाम्याला १० आणि भरलेल्याला १८०. एका पद्धतीचा मीटर आणि दुसऱ्या पद्धतीचा सेंडर एकत्र आले तर टाकी संपत जाते तसा काटा वर चढतो. जुना मीटर मिळत नाही म्हणून ‘दिसायला सारखा’ बसवलेल्या बोटींत हे हमखास आढळते.

दोष मीटरमध्ये आहे की सेंडरमध्ये, हे दोन मिनिटांत कळते. किल्ली चालू करून मीटरच्या ‘एस’ टोकावरची वायर काढायची. अमेरिकी पद्धतीचा काटा रिकाम्याच्या खुणेखाली जातो. मग वायरच्या एका तुकड्याने ‘एस’ आणि ‘जी’ जोडायचे, काटा भरलेल्याच्या खुणेपलीकडे जायला हवा. दोन्ही वेळा काटा असा फिरला तर मीटर ठीक आहे, दोष वायरीत किंवा सेंडरमध्ये आहे. युरोपीय मीटरला हेच उलट क्रमाने दिसते. ही चाचणी डॅशबोर्डमागेच करावी, टाकीच्या तोंडाशी नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळाशी साचून राहते आणि तिला एक ठिणगी पुरते.

आरपीएम मीटर पेट्रोलच्या इनबोर्ड, म्हणजे बोटीच्या आत बसवलेल्या, इंजिनात इग्निशन कॉइलच्या निगेटिव्ह टोकावरून आणि आउटबोर्डमध्ये बहुधा चार्जिंगच्या कॉइलवरून विजेचे ठोके मोजतो. त्याच्या पाठीवर सिलिंडरची किंवा चुंबकाच्या पोलची संख्या निवडण्याचा छोटा स्वीच असतो. ८ सिलिंडरच्या इंजिनाला तो ४ वर राहिला तर २,००० फेऱ्यांना काटा ४,००० दाखवतो. जुना मीटर काही दिवस अडखळत असेल तर हाच स्वीच दोन-चार वेळा पुढे-मागे करून पाहावा, आतल्या पट्ट्यांवरचा गंज निघतो.

जुन्या बोटीतला वेगाचा काटा अनेकदा विजेवर चालतच नाही. पाण्यात बुडालेल्या बारीक नळीतला दाब रबरी पाइपने मीटरपर्यंत येतो. पावसाळ्याच्या गढूळ पाण्यात ही नळी गाळाने तुंबते. पाइप मीटरपासून सोडवून मगच त्यात हवा मारावी, नाहीतर मीटर फुटतो.

अँपिअर मीटर असलेली जुनी बोट मिळाली तर तो काढून व्होल्टमीटर बसवावा. अँपिअर मीटरसाठी चार्जिंगचा सगळा करंट जाड वायरीने डॅशबोर्डपर्यंत आणून परत न्यावा लागतो. तिथला एक सैल नट आग लावायला पुरेसा आहे. व्होल्टमीटरला बारीक वायर चालते आणि तो जास्त सांगतो : इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास, निम्मी उतरलेली १२.२, आणि इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४.

दिवे

समुद्रावरील टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ मध्ये ठरले आणि १९७७ पासून लागू झाले. ते समुद्राला आणि त्याला जोडलेल्या जलमार्गांना लागू आहेत. गंगापूरसारखा बंदिस्त जलाशय त्यांत मोडत नाही, पण तयार बोटींवरचे दिवे त्याच मापाने बनतात. डाव्या बाजूला लाल, उजव्या बाजूला हिरवा, दोन्ही समोरून बाजूकडे ११२.५ अंशांपर्यंत दिसणारे. १२ मीटरपेक्षा लहान बोटीला या दोघांसोबत चारही बाजूंनी दिसणारा एक पांढरा दिवा चालतो. बाजूचे दिवे एक सागरी मैलावरून आणि पांढरा दोन मैलांवरून दिसावा लागतो. नांगरलेल्या बोटीवर फक्त पांढरा दिवा असतो.

म्हणूनच या दिव्यांचा स्वीच तीन स्थितींचा असतो : बंद, चालताना सगळे, नांगरल्यावर एकटा पांढरा. जुन्या बोटीत तो तुटल्यावर साधा चालू-बंद स्वीच लावलेला दिसतो. मग उभी बोटही लाल-हिरवे दाखवत राहते आणि दुरून पाहणाऱ्याला ती चालती वाटते. जलाशयावरची सहल बहुतेक दिवसाउजेडी होत असल्याने हे कुणाच्या लक्षात येत नाही. पुराच्या रात्री बोट बाहेर काढली की लक्षात येते.

दिवा मंद असेल तर बल्बआधी होल्डर पाहावा. फिलामेंटच्या बल्बला १० टक्के व्होल्टेज कमी मिळाले तर उजेड साधारण ३० टक्क्यांनी घटतो. गंजलेली पितळी पट्टी बारीक पॉलिश पेपरने घासली तरी पुष्कळदा काम होते. दिव्याच्या जुन्याच घरात एलईडी बल्ब खोचणे मात्र टाळावे. हिरव्या काचेमागे पांढरा एलईडी निळसर दिसू शकतो, आणि फिलामेंटची जागा बदलल्याने लाल-हिरव्यातली समोरची सीमारेषाही पुसट होते. बदलायचाच तर बोटीसाठी प्रमाणित केलेला अख्खा एलईडी दिवा घ्यावा.

फ्यूज आणि बाकीचे सामान

फ्यूज उपकरणासाठी नसतो, तो वायर जळू नये म्हणून असतो. त्यामुळे मुख्य फ्यूज डॅशबोर्डजवळ नव्हे, तर बॅटरीच्या टोकापासून सुमारे १८ सेंटिमीटरच्या आत बसवतात. काचेचे जुने फ्यूज काढून पात्याचे फ्यूज लावले तर गाडीच्या कुठल्याही दुकानात बदली मिळते.

बंद इंजिनखोली असलेल्या पेट्रोल बोटीत स्टार्टर मारण्याआधी पंखा चार मिनिटे चालवायचा असतो. तिथले स्वीच, स्टार्टर आणि अल्टरनेटर ठिणगी बाहेर न पडू देणारे, बोटीसाठीच बनवलेले लागतात. गाडीचा स्टार्टर मापाने बसतो, म्हणून तो लावण्याचा मोह इथे जिवावर बेतू शकतो.

तळातले पाणी उपसणारा पंप पाणी वाढले की आपोआप चालू होणाऱ्या फ्लोट स्वीचमार्फत, स्वतःच्या फ्यूजसह, मुख्य स्वीचच्या आधी थेट बॅटरीला जोडतात, म्हणजे किल्ली काढून नेली तरी तो चालतो. टेप, मोबाइल चार्जर असे नंतरचे सामान मात्र मुख्य स्वीचच्या पुढेच असावे. घड्याळ आणि स्टेशन लक्षात ठेवणारा टेप ५० मिलिअँपिअर ओढत राहिला तर महिन्याला ३६ अँपिअर-तास जातात, म्हणजे ८० अँपिअर-तासांच्या बॅटरीतले जवळपास निम्मे. पावसाळ्यात बोट काठावर काढून ठेवली असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडून ठेवतात. बोट पाण्यातच राहणार असेल तर ती सोडता येत नाही, कारण पावसाचे पाणी उपसायला पंप लागतो. अशा वेळी टेपचा फ्यूज तेवढा काढतात.