टेपर शँक, स्ट्रेट शँक: छोट्या लेथवर कोणतं टूल कुठे धरायचं

ड्रिल चक, आर्बर, कॉलेट किंवा टेपर शँक ड्रिल नेणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पिशवीत आम्ही हा कागद टाकतो. शँक म्हणजे टूलचा धरायचा दांडा: निमुळता असला की टेपर, सरळ असला की स्ट्रेट. ड्रिल चक म्हणजे जबड्यांनी ड्रिल धरणारी पकड, आर्बर म्हणजे चकला मागून लावायचा दांडा, आणि कॉलेट म्हणजे चिरा पाडलेली, आवळून धरणारी नळी. "चक डुलतोय, बदलून द्या" म्हणून परत आलेला चक आम्ही आधी रॉकेलने पुसतो आणि मग तपासतो. बहुतेक वेळा चक ठणठणीत असतो. दोष टेपरला चिकटलेल्या किसाचा नाहीतर तेलाचा निघतो. विट्याहून नाहीतर तासगावहून एसटीने आलेल्या माणसाची ती खेप वाचावी, एवढ्यासाठी हा खटाटोप.

आधी तोंड मोजा

शँकचा निमुळतेपणा मोर्स टेपर या ठरलेल्या मापाचा असतो. त्याचा उतार साधारण वीसाला एक, म्हणजे 20 मिमी लांबीत व्यास 1 मिमीने कमी होतो. उतार इतका कमी असल्यामुळे शँक नुसत्या घर्षणावर अडकून राहतो, स्क्रू लागत नाही. नंबर ओळखायला व्हर्नियर पुरतो. स्पिंडल (लेथचा फिरणारा पोकळ दांडा) किंवा टेलस्टॉक (त्याच्या समोरचा, न फिरणारा भाग) यांच्या भोकाचं मोठं तोंड साधारण 12.1 मिमी भरलं तर एक नंबर, 17.8 भरलं तर दोन नंबर, 23.8 भरलं तर तीन नंबर. घरगुती सात इंची (सात इंच व्यासापर्यंतचं काम फिरवणाऱ्या) लेथमध्ये सहसा स्पिंडलला तीन नंबर आणि टेलस्टॉकला दोन नंबर असतो. तरीही मोजाच. मशीन बघितल्याशिवाय आम्हीही पैज लावत नाही.

टेपर शँक: कोरडा, स्वच्छ आणि एका झटक्यात

शँक आणि भोक दोन्ही कोरडी हवीत. गंज नको म्हणून पुष्कळजण टेपरला तेलाचा हात लावून ठेवतात. ठेवताना ते बरोबरच आहे, पण बसवताना तेच तेल घर्षण खातं आणि ड्रिल आत फिरायला लागतं. आतली बाजू पुसायला लाकडी काठीला सुती फडकं गुंडाळा. फिरत्या स्पिंडलमध्ये मात्र बोट किंवा फडकं कधीही घालू नका.

आता टेलस्टॉकचा बॅरल, म्हणजे पुढे-मागे सरकणारी नळी, 25 मिमीच्या आसपास बाहेर काढा, मगच शँक आत घाला. बॅरल पूर्ण मागे असताना शँकचं टोक आतल्या स्क्रूला टेकतं. हाताला वाटतं बसलं, पण टेपर टेपरला भिडलेलाच नसतो. शँक सावकाश आत न्या, शेवटचा इंचभर राहिला की मनगटाने एक झटका द्या. नीट बसला की "टक्" असा बंद आवाज येतो आणि हाताने फिरवून फिरत नाही. हातोडी लागत नाही.

काढताना बॅरल मागे घ्या, स्क्रू शँकला आपोआप बाहेर ढकलतो. काही आर्बरना मागे चपटी जीभ नसते, नुसता आट्याचा गाळा असतो. असा आर्बर आखूड पडतो आणि स्क्रूपर्यंत पोहोचत नाही. त्या गाळ्यात मापाचा बोल्ट बसवून डोकं हवं तेवढं मागे ठेवलं की काम होतं. याच्या उलट, जीभ जास्त लांब असली की बॅरल पूर्ण आत यायच्या आधीच शँक सुटतो आणि ड्रिलिंगचा प्रवास तेवढा कमी होतो. छोट्या लेथवर तो आधीच तुटपुंजा असतो, म्हणून काहीजण जीभ कापून टाकतात. कापा, पण कडेचा बर (कापताना उठलेली धार) कानशीने काढल्याशिवाय शँक आत घालू नका.

14 मिमीपर्यंतची टेपर शँक ड्रिलं एक नंबरची, त्यावर 23 मिमीपर्यंतची दोन नंबरची. एक नंबरचं ड्रिल दोन नंबरच्या टेलस्टॉकमध्ये स्लीव्ह (मधली निमुळती नळी) घालून बसतं. तीन नंबरचं ड्रिल दोन नंबरमध्ये बसवायचा सॉकेट मिळतो, आमच्याकडेही आहे, पण सात इंची लेथसाठी मागितलात तर आम्ही एकदा विचारू, "नक्की?" त्या मशीनला 23 मिमीच्या वरचं ड्रिल झेपत नाही. भोक आधी लहान ड्रिलने पाडून मग बोरिंग बारने (भोक आतून कापून मोठं करणाऱ्या टूलने) मोठं करा.

ड्रिल भोकात अडकून शँक टेलस्टॉकमध्ये फिरला, तर मशीन ताबडतोब बंद करा. एकदा फिरला की आत ओरखडे पडतात, पुढचा शँक त्या ओरखड्यांवरच टेकतो आणि तोही फिरतो. 2019 च्या ऑगस्टमधल्या पुरानंतर एका गिऱ्हाइकाचा लेथ आमच्याकडे आला होता. बेड घासून चकचकीत केला होता, पण टेलस्टॉकचं भोक कुणी आतून बघितलंच नव्हतं. आत गंजाचे खड्डे होते आणि कुठलाही नवा शँक दोन ड्रिलनंतर ढिला पडायचा. दोन नंबरच्या फिनिशिंग रीमरने (भोक आतून हलकं कापून साफ करणाऱ्या टूलने), हाताने, अगदी हलक्या दोन फेऱ्या मारल्या तेव्हा तो वळणावर आला. रीमर जोरात फिरवला तर भोक मोठं होऊन शँक जास्त आत जातो, तेव्हा ही शेवटची पायरी समजा.

त्याआधी घरी करायची चाचणी: शँकवर लांबीने मार्करच्या तीन रेषा ओढा, शँक आत घालून थोडासा फिरवा आणि बाहेर काढा. रेषा सगळ्या लांबीभर पुसट झाल्या तर टेपर जुळतोय. फक्त तोंडाशी किंवा फक्त टोकाशी पुसल्या तर नंबर चुकलाय किंवा मध्ये काहीतरी आहे.

स्ट्रेट शँक: ड्रिल चकमध्ये फक्त ड्रिलच

13 मिमीपर्यंतची स्ट्रेट शँक ड्रिलं, सेंटर ड्रिल आणि हलके रीमर ड्रिल चकमध्ये धरावेत. चावी तिन्ही भोकांत लावून आवळा. एकाच भोकात आवळून ड्रिल घसरतं आणि शँकवर कडा उठतात. त्या कडा कानशीने काढल्या नाहीत तर पुढच्या वेळी ड्रिल वाकडं धरलं जातं. चावी चकमध्ये ठेवून कधीही मशीन सुरू करू नका.

चक आर्बरवर चढवताना दोन्ही टेपर पुसा, जबडे पूर्ण आत घ्या, चकचं तोंड लाकडावर ठेवा आणि आर्बरच्या मागच्या टोकावर लाकडी हातोड्याने एक ठोका द्या. जबडे बाहेर ठेवून ठोकलं तर चकचा आतला आटा खराब होतो, आणि तसा चक आम्ही बदलून देत नाही.

एंडमिल (बाजूनेही कापणारा, खाचा काढायचा कटर) मात्र ड्रिल चकमध्ये धरू नका. एंडमिलचा दांडा कडक असतो, चकच्या जबड्यांना तो पकडता येत नाही, आणि पिळदार धारेमुळे कटर स्वतःला बाहेर ओढत जॉबमध्ये घुसतो. त्यात बाजूने येणाऱ्या धक्क्यांनी चकचा टेपर सुटतो. हे शहाणपण आम्हाला फुकट मिळालेलं नाही. सुरुवातीला आम्हीही स्पिंडलमध्ये ड्रिल चक बसवून 10 मिमीच्या एंडमिलने की-वे (दांड्यावरची लांबट खाच) काढत होतो. दोन कट छान गेले, तिसऱ्याला चक आर्बरवरून सुटून बेडवर आदळला. बेडवरचा तो खड्डा आजही नखाला लागतो.

एंडमिलला कॉलेट हवा. ईआर-32 (कॉलेटचं एक ठरलेलं माप) चा तीन नंबर शँकचा होल्डर स्पिंडलमध्ये घालून मागून ड्रॉबारने, म्हणजे आट्याच्या लांब सळईने, ओढून धरा. होल्डरचा आटा एम12 आहे की इंची, हे घेतानाच बघा. या पद्धतीत स्पिंडलचं भोक बंद होतं, लांब सळई आरपार जात नाही. सळईची कामं जास्त असतील तर फ्लँजवर बसणारा कॉलेट चक घ्या.

कॉलेट आधी नटमध्ये तिरका धरून "टिक्" वाजेपर्यंत बसवायचा आणि मग नटसकट होल्डरमध्ये. आधी कॉलेट होल्डरमध्ये आणि वरून नट, असं केलंत तर तो वाकडा आवळला जातो आणि सोडवताना आतच अडकतो. 10 नंबरचा कॉलेट 10 ते 9 मिमी धरतो, त्यात 10.2 ची सळई दाबून घालू नका. तुकडा आखूड असेल तर मागच्या बाजूने त्याच मापाचा दुसरा तुकडा घाला, नाहीतर कॉलेटचं तोंड फाकतं.

गोल बोरिंग बार

गोल दांडा टूलपोस्टच्या (लेथवरच्या टूल धरायच्या ठोकळ्याच्या) स्क्रूंखाली तसाच धरला तर तो फिरतो. टूलपोस्टमध्ये लोखंडाचा चौकोनी तुकडा घट्ट बांधा, स्पिंडलच्या चकमध्ये ड्रिल धरा आणि कॅरेज (टूलपोस्ट वाहणारा सरकता भाग) पुढे सरकवत त्या तुकड्यात भोक पाडा. हे भोक आपोआप सेंटरच्या उंचीवर येतं. मग तुकडा बाजूने एका ठिकाणी चिरा, की बार त्यात पिळून धरला जातो. विकतच्या होल्डरचे पैसे वाचतात. दुकानदार असूनही हे सांगतोय.

माप कळत नसेल तर टेलस्टॉकचा बॅरल काढून पिशवीत घालून आणा. काउंटरवरच शँक बसवून बघू आणि बसला तरच बिल करू.