बेस64 म्हणजे कुलूप नव्हे

पासवर्ड बेस64 करून प्रोग्रॅमच्या सेटिंगांच्या (कॉन्फिग) फाइलीत टाकायचा आणि गिटमध्ये बदल नोंदवताना कमिट मेसेजमध्ये ‘पासवर्ड एन्क्रिप्ट केला’, म्हणजे किल्लीने कुलूपबंद केला, असं ठोकून द्यायचं, हे इतक्यांदा पाहिलंय की आता चिडायचाही कंटाळा येतो.

बेस64 ही नुसती लिहायची पद्धत आहे: तीन बाइटांची चार अक्षरं, म्हणजे कसलेही बाइट साध्या टेक्स्टमधून सुखरूप जातात. कुबरनेटीसच्या (सर्व्हरांवर प्रोग्रॅम चालवणारी प्रणाली) सीक्रेटमध्ये, म्हणजे पासवर्ड वगैरे ठेवायच्या जागी, ते दिसतं तेही याचसाठी.

घोळ दिसण्यात आहे. ओपनएसएसएल या साधनाने एईएस-256 ही एन्क्रिप्शनची पद्धत लावून खरोखर एन्क्रिप्ट केलेली व्हॅल्यूसुद्धा फाइलीत ठेवताना बहुधा बेस64मध्येच गुंडाळतात, कारण कच्चे बाइट यॅमलसारख्या टेक्स्ट फाइलीत मावत नाहीत. त्यामुळे दोन्ही ओळी सारख्याच अगम्य. तेव्हा रूपावर जाऊ नका. ओळ उलगडायला काय लागतं ते बघा. बेस64ला एक कमांड पुरते, ती सगळ्यांकडे असते. एन्क्रिप्शनला किल्ली लागते. खात्री करायची तर ओळ बेस64मधून डीकोड करा. पासवर्ड वाचता आला, तर विषय संपला. ओपनएसएसएलची असेल तर सुरुवातीला ‘सॉल्टेड’ हा शब्द, मग आठ बाइटांचं सॉल्ट (किल्ली बनवताना मिसळलेले रँडम बाइट) आणि पुढे नुसता कचरा दिसेल. सॉल्ट दर वेळी नवं, म्हणून तोच पासवर्ड दोनदा एन्क्रिप्ट केला तरी उत्तर वेगळं येतं. बेस64चं कधीच बदलत नाही.

आता हीच कसोटी पासवर्ड एन्क्रिप्ट करणाऱ्या स्वतःच्या स्क्रिप्टला लावा. किल्ली स्क्रिप्टमध्येच लिहून त्याच रेपोत (कोडच्या गिट साठ्यात) ठेवली असेल, तर रेपो ज्याच्याकडे त्याच्याकडे सगळंच आलं. एवढी मेहनत करून पुन्हा बेस64च! किल्ली रेपोबाहेरच्या, 600 परवानगीच्या (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशा) फाइलीतून वाचा. कमांडलाइनवर तर देऊच नका, चालू प्रोग्रॅमांची यादी दाखवणारी पीएस कमांड चालवणाऱ्याला दिसू शकते. हॅशच्या पुष्कळ फेऱ्या मारून किल्ली बनवणारा पीबीकेडीएफ2चा पर्याय (ओपनएसएसएल 1.1.1पासून, 2018) लावलाच पाहिजे, नाहीतर पासफ्रेजवरून (तुम्ही दिलेल्या गुप्त शब्दांवरून) किल्ली हॅशच्या एकाच फेरीत बनते आणि अंदाज लावत बसणाऱ्याचं काम सोपं होतं.

पासवर्ड कमांडला देताना इको शेवटी न्यूलाइन चिकटवतो आणि तीही पासवर्डात जाते, म्हणून प्रिंटएफ वापरा. झालं.

खरं सांगायचं तर मी अशी स्क्रिप्ट आता लिहीतच नाही, सॉप्स हे कॉन्फिग फाइली एन्क्रिप्ट करणारं साधन वापरतो. ते व्हॅल्यू झाकतं, नावं उघडी ठेवतं, त्यामुळे कुठली सेटिंग बदलली ते डिफमध्ये (दोन आवृत्त्यांमधल्या फरकात) कळतं.

आणि पासवर्ड आधीच उघडा कमिट झाला असेल, तर आज एन्क्रिप्ट करून काही साधत नाही, गिटच्या इतिहासात तो आहेच. आधी पासवर्ड बदला.