दात साफ करून घेतल्याने ते सैल होतात का?

दंतवैद्याकडून दात साफ करून घेतले की ते हलू लागतात आणि त्यांच्यात फटी पडतात, हा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला असला तरी तो खरा नाही. दातांवरचा चिकट थर लाळेतील कॅल्शियम व फॉस्फेटमुळे कडक होऊन त्याचे कीटण बनते, आणि त्यावर साठणाऱ्या जंतूंमुळे हिरड्या सुजून दातांना धरून ठेवणारे हाड हळूहळू झिजते. फटी त्या झिजेमुळे आधीच पडलेल्या असतात. कीटण निघाल्यावर त्या दिसू लागतात, इतकेच. त्यानंतर काही दिवस थंड पाण्याने दात शिवशिवतात, मात्र हिरड्यांची सूज उतरते. वाईट हेच वाटते की, या भीतीपोटी स्केलिंग, म्हणजे दंतवैद्याकडून कीटण काढून घेणे, टाळणाऱ्या अनेकांचे किडीचा डागही नसलेले दात हाडाच्या आधाराअभावी गळून पडतात.