पहिला दात दिसला की ब्रश हातात

बाळाचा पहिला दात बहुधा सहाव्या महिन्याच्या आसपास, खालच्या हिरडीत मधोमध येतो. वर्षापर्यंत दात आला नाही तरी घाबरण्यासारखं नसतं. दात हिरडीबाहेर डोकावला, त्याच दिवसापासून तो घासायचा. त्याआधी अंघोळीच्या वेळी बोटाला स्वच्छ ओलं मलमलचं कापड गुंडाळून हिरड्या पुसल्या तरी पुरे. त्याने कीड टळते असं नाही, पण तोंडात बोट घालू देण्याची सवय लागते.

‘दुधाचेच दात, पडणारच आहेत’ हे घरोघरी ऐकू येतं. पण मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. त्या कीड लागून लवकर काढाव्या लागल्या, तर खालून येणाऱ्या दातांची जागा आक्रसते. शिवाय दुधाच्या दातांचं एनॅमल, म्हणजे वरचं कठीण आवरण, पातळ असतं, त्यामुळे कीड झपाट्याने आत शिरते.

ब्रश लहान डोक्याचा, मऊ केसांचा हवा. पेस्ट फ्लोराइडची, म्हणजे दातांचं किडीपासून रक्षण करणाऱ्या खनिजाची, साधारण 1000 पीपीएमची (दहा लाख भागांत 1000 भाग). मुलांच्या काही पेस्टमध्ये फ्लोराइड अजिबात नसतं किंवा निम्मंच असतं, म्हणून ट्यूबवरचं चित्र न बघता आकडा वाचा. मुंबईच्या नळाला तलावांचं पाणी येतं आणि त्यात वरून फ्लोराइड मिसळलं जात नाही, तेव्हा ती भिस्त पेस्टवरच. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट घ्यायची. एवढ्या पेस्टमध्ये सुमारे 0.1 मिलिग्रॅम फ्लोराइड असतं, ते पोटात गेलं तरी चालतं. तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर पसरलेली पेस्ट दिसते, ती विसरा.

बाळाला समोर उभं करून दात घासायला गेलात की ते मान फिरवतं. पलंगावर किंवा सतरंजीवर बसा आणि बाळाचं डोकं आपल्या मांडीवर, पाय पलीकडे असं आडवं घ्या. फार हातपाय झाडत असेल तर दोघांनी समोरासमोर गुडघ्याला गुडघे टेकवून बसायचं. एकाने हात धरायचे, दुसऱ्याने घासायचं. वरचा ओठ बोटाने उचला. ओठाला हिरडीशी जोडणारी पातळ पट्टी मधोमध दिसेल. ब्रश नेमका तिथे आपटतो, दुखतं आणि दुसऱ्या दिवसापासून बाळ तोंड मिटून घेतं. त्या पट्टीवर बोट ठेवून ब्रश दोन्ही बाजूंनी फिरवा. दात आणि हिरडी मिळतात ती रेघ सगळ्यात महत्त्वाची, कारण जंतूंचा चिकट थर तिथेच साचतो. उरलेला फेस कापडाने टिपून घ्या; चूळ भरायला लावू नका, म्हणजे फ्लोराइड दातांवर टिकतं. दात एकमेकांना चिकटून आले असतील तर फटीत ब्रश पोचत नाही, तिथे फ्लॉस, म्हणजे फटीतून फिरवायचा बारीक दोरा, लागतो.

दिवसातून दोनदा घासायचं. एखाद्या दिवशी सकाळचं राहिलं तर राहिलं, रात्रीचं चुकवू नका. झोपेत लाळ कमी सुटते. एरवी तीच जंतूंनी तयार केलेलं आम्ल धुऊन काढते, दातांना खनिजं परत देते. तोंडात साखरेच्या दुधाची बाटली ठेवून झोपलेल्या बाळाच्या वरच्या पुढच्या दातांभोवती ते दूध साचून राहतं. खालचे दात जीभ आणि लाळेमुळे बरेचदा वाचतात, म्हणून कीड आधी वर दिसते. वर्षाच्या आत मध तर चाटवूच नये. त्याचं कारण दातांपेक्षा गंभीर आहे, बोट्युलिझम, म्हणजे मधात असू शकणाऱ्या जंतूंच्या विषाने होणारा आजार.

पावसाळ्यात मुंबईच्या दमट बाथरूममध्ये टोपण लावलेला ब्रश वाळतच नाही. तो उभा, उघडा ठेवा आणि केस फाकले की बदला.

महिन्यातून एकदा उजेडात ओठ उचलून पाहा. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली, तर ती किडीची पहिली पायरी. या टप्प्यावर फ्लोराइडने ती थांबवता येते. तपकिरी खळगा पडला की तो बहुधा भरावा लागतो. लोहाच्या थेंबांनी दातांवर काळे डाग पडतात, ते वेगळे. दंतवैद्य ते पॉलिश करून काढतात. पहिली तपासणी वर्षाच्या आत करून घ्यावी. मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय आणि सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय, दोन्हीकडे मुलांच्या दातांचा स्वतंत्र विभाग आहे.