सिंहगड सव्वाशे मीटर सरकतो तेव्हा

पुण्यातल्या ट्रेकर मंडळींत एक तक्रार हमखास ऐकू येते. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या टोपोशीटवरून (भूरचना दाखवणाऱ्या नकाशावरून) सिंहगडाच्या एखाद्या बुरुजाचे अक्षांश-रेखांश घ्यावेत, मोबाइलमध्ये टाकावेत, तर खूण बुरुजापासून शंभर-सव्वाशे मीटर आग्नेयेला पडते. मग निष्कर्ष ठरलेला: ब्रिटिशांचा नकाशाच चुकीचा!

नकाशा बरोबर आहे आणि मोबाइलही. फरक डेटमचा आहे.

पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे, म्हणून गणितासाठी तिच्या जागी एक गुळगुळीत लंबगोल धरतात. तो केवढा आणि त्याचा मध्य कुठे, हे डेटम ठरवतो. ब्रिटिश भूमापक जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या १८३० च्या लंबगोलाची विषुववृत्तीय त्रिज्या डब्ल्यूजीएस-८४ पेक्षा, म्हणजे मोबाइलमधलं जीपीएस वापरतं त्या जागतिक डेटमच्या लंबगोलापेक्षा, सुमारे ८६० मीटरने कमी आहे. मध्य प्रदेशातल्या कल्याणपूरला आधारबिंदू धरून तो भारताच्या भूभागाशी जुळवला. त्यामुळे त्याचा मध्य पृथ्वीच्या केंद्रापासून आठशेहून अधिक मीटर बाजूला गेला. उपग्रहांपूर्वीच्या काळात हे अगदी योग्यच होतं.

आता खरी गंमत. सगळीकडे ठरावीक सेकंद (अंशाचे ३६०० वे भाग) मिळवून भागत नाही, कारण फरक जागेनुसार बदलतो. आधी एव्हरेस्टच्या लंबगोलावरचे अक्षांश, रेखांश आणि उंची यांवरून एक्स, वाय, झेड काढायचे, म्हणजे लंबगोलाच्या मध्यापासून तीन दिशांना मोजलेली अंतरं. त्यांत भारत-नेपाळसाठी प्रचलित असलेले २९५, ७३६ आणि २५७ मीटर अनुक्रमे मिळवायचे. मध्य जुळला, की डब्ल्यूजीएस-८४ चा लंबगोल धरून पुन्हा अक्षांश-रेखांश काढायचे. पुण्यात अक्षांश सुमारे ३.३ सेकंदांनी वाढतो, रेखांश २.७ सेकंदांनी घटतो. पत्रिकेसाठी जन्मस्थळाचे अक्षांश-रेखांश विकलेपर्यंत, म्हणजे सेकंदापर्यंत, मागणाऱ्या ज्योतिषांना विचारायला हवं, यातला कोणता आकडा ग्रहांना मान्य आहे?

प्रक्षेपण, म्हणजे गोल पृष्ठभाग सपाट नकाशावर उतरवणं, ही यानंतरची पायरी. यूटीएम या प्रक्षेपणात पृथ्वीचे उभे पट्टे पाडलेले असतात; पुणे त्यातल्या ४३ व्या पट्ट्यात येतं. त्याचं मध्य-रेखावृत्त ७५ अंश पूर्व. त्याला ५,००,००० मीटर हा आकडा दिलेला असल्यानं त्याच्या पश्चिमेच्या पुण्याचं ईस्टिंग (पूर्वेकडे मीटरमध्ये मोजलेलं अंतर) ३,८०,००० च्या आसपास येतं. जीआयएसमध्ये (संगणकावर नकाशे हाताळणाऱ्या प्रणालीत) पुष्कळ जण शीटला थेट डब्ल्यूजीएस-८४ चं लेबल लावतात. त्यानं आकडे बदलत नाहीत, फक्त त्यांचा अर्थ बिघडतो. आधी शीटचा मूळ डेटम सांगायचा, मग रूपांतर करायचं. शेवटी शीटवरची चार-पाच देवळं उपग्रहचित्राशी ताडून पाहावीत. सगळीच एका दिशेला सारखी सरकलेली दिसली, तर डेटम बदलायचा राहून गेलाय.