वीस वर्षांखालची रग्बी: जागतिक स्पर्धेची वाट आणि पुण्यापासूनचं अंतर

बालेवाडीच्या श्रीशिवछत्रपती क्रीडासंकुलात तरुणांच्या दोन मोठ्या स्पर्धा झाल्या. ऑक्टोबर २००८ मध्ये राष्ट्रकुल युवा क्रीडास्पर्धा आणि जानेवारी २०१९ मध्ये खेलो इंडिया युवा स्पर्धा. पहिलीत नऊ खेळ होते, दुसरीत अठरा. रग्बी दोन्हींत नव्हती. पुण्याच्या आधी, २००४ साली ऑस्ट्रेलियातल्या बेंडिगोत झालेल्या राष्ट्रकुल युवा स्पर्धेत सात जणांची रग्बी होती. पुण्यानंतर २०११ साली आइल ऑफ मॅन बेटावरही ती होती. मधल्या पुण्यातच तेवढी ती गळाली. यजमानांनी आपल्याकडे पदकं येतील असे खेळ निवडले असतील तर त्यात काही गैर नाही, सगळेच तसं करतात. पण त्याच २००८ च्या जून महिन्यात वेल्समध्ये पंधरा जणांच्या रग्बीची वीस वर्षांखालच्यांची जागतिक स्पर्धा पहिल्यांदा भरली होती, आणि पुढच्या काळात उद्याचे विश्वविजेते हेरायचे तर याच स्पर्धेकडे पाहायचं, असा शिरस्ता पडला.

ही स्पर्धा एकदम उगवलेली नाही. युरोपात 'फिरा' ही संघटना १९६९ पासून कनिष्ठ गटाची वार्षिक स्पर्धा भरवत होती. फ्रान्सला १९३१ साली ब्रिटिश संघांनी पाच देशांच्या स्पर्धेतून बाहेर काढलं, त्या रागातून आणि गरजेतून १९३४ मध्ये ही संघटना जन्माला आली होती. त्यामुळे तिच्या स्पर्धेत सुरुवातीला लंडनपेक्षा पॅरिस आणि बुखारेस्टचं वजन जास्त. हीच स्पर्धा पुढे १९ वर्षांखालच्यांची जागतिक स्पर्धा झाली. दुसरीकडे दक्षिण गोलार्धात न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका आणि अर्जेंटिना १९९५ पासून २१ वर्षांखालचे सामने वेगळे खेळत होते. त्यातून २००२ मध्ये २१ वर्षांखालची जागतिक स्पर्धा सुरू झाली. म्हणजे दोन वर्षांच्या अंतराने दोन वयोगट, दोन स्पर्धा, दोन वेळचा खर्च, आणि दोन्हीकडे जाणारी मुलं बरीचशी तीच. तेव्हाच्या आंतरराष्ट्रीय रग्बी मंडळाने २००८ मध्ये दोन्ही मोडून मधला आकडा धरला: वीस.

हा आकडा कागदावर सोयीचा दिसतो, पण मैदानावर त्याने बरंच काही बदललं. स्क्रमचंच घ्या. चेंडूसाठी दोन्ही बाजूंचे आठ-आठ खेळाडू वाकून एकमेकांना भिडतात. पुढच्या ओळीत तिघं, मधला हुकर आणि त्याच्या दोन्ही अंगांना प्रॉप. पंच 'क्राउच, बाइंड, सेट' म्हणतो आणि 'सेट'ला दोन्ही ओळींची डोकी एकमेकींच्या फटीत जातात. मागच्या पाच जणांचा सगळा रेटा या तिघांच्या माना-खांद्यांवर येतो. म्हणून १९ वर्षांखालच्या नियमांत स्क्रम दीड मीटरपेक्षा जास्त ढकलायला मनाई आहे, आणि सामनाही ३५-३५ मिनिटांचा, एकूण ७० मिनिटांचाच. विसाव्या वर्षी ही दोन्ही कुंपणं निघून जातात. पूर्ण ८० मिनिटं आणि दम असेल तितका रेटा. बारीक, चपळ मुलगा अठराव्या वर्षीही विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेला, चमकतो. प्रॉप मात्र उशिरा पिकतो. ज्या देशात अठरा ते वीस ही दोन वर्षं मुलाला नीट खाऊ-पिऊ घालून, व्यायाम करवून, मान बळकट करून घेणारं कोणी नाही, तो देश या वयोगटात स्क्रममध्येच मागे रेटला जातो. पुण्यातल्या कुठल्याही क्रीडाशिक्षकाला हे समजावून सांगावं लागणार नाही. बारावी झाली की मुलगा मैदानावरून नाहीसा होतो, हे त्यांनी प्रत्येक खेळात पाहिलेलं असतं.

पहिल्या स्पर्धेत सोळा संघ होते. स्वॉन्झीच्या अंतिम सामन्यात न्यूझीलंडने इंग्लंडला ३८–३ असं झोडपलं. पुढची तीन वर्षंही तेच जिंकले. २०१० मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तर ६२–१७. आंतरराष्ट्रीय अंतिम सामन्यात असा फरक म्हणजे स्पर्धा भरवणाऱ्यांनीही चिंता करावी अशी गोष्ट. त्या संघांतली नावं पुढे जगाला पाठ झाली: २००८ चा सॅम व्हाइटलॉक, २०११ चा बोडेन बॅरेट. २०१० पासून संघ सोळावरून बारावर आणले गेले आणि सामने जरा चुरशीचे झाले.

पहिला तडा २०१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत गेला. स्टेलेनबॉशला साखळी सामन्यात वेल्सने न्यूझीलंडला ९–६ ने हरवलं. या स्पर्धेतला न्यूझीलंडचा हा पहिला पराभव. त्याच स्पर्धेत यजमान आफ्रिका आपला पहिलाच सामना आयर्लंडकडून हरली होती, आणि तरीही केपटाउनच्या न्यूलँड्सवर न्यूझीलंडला २२–१६ ने नमवून विजेती ठरली. मग इंग्लंडची पाळी आली: २०१३, २०१४ आणि २०१६. यातला २०१४ चा अंतिम सामना ऑकलंडच्या ईडन पार्कवर २१–२० असा सुटला; इंग्लंडचा कर्णधार होता मारो इटोजे आणि समोर आफ्रिकेकडून खेळत होता हान्द्रे पोलार्ड. पाच वर्षांनी योकोहामाला मोठ्यांच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात हेच दोघं पुन्हा समोरासमोर आले, तेव्हा जिंकला पोलार्ड.

२०२५ पर्यंत पंधरा स्पर्धा झाल्या आणि विजेते देश फक्त चार. न्यूझीलंड सहा वेळा, इंग्लंड चार, फ्रान्स तीन, दक्षिण आफ्रिका दोन. वेल्स, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया अंतिम सामन्यापर्यंत येऊन परतले.

यातली फ्रान्सची गोष्ट मला सर्वांत बोलकी वाटते. २००८ पासून दहा वर्षं त्यांच्या हाती जेतेपद नव्हतं, आणि मग २०१८, २०१९, २०२३ असे लागोपाठ तीन चषक. (२०२० ते २०२२ महामारीमुळे स्पर्धाच झाली नाही.) रोसारिओला २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियावर अवघ्या एका गुणाने, २४–२३, केपटाउनला २०२३ मध्ये आयर्लंडवर ५०–१४. यामागे दैवी काही नाही, एक रुक्ष नियम आहे. फ्रान्सचे श्रीमंत क्लब फिजी, जॉर्जिया, दक्षिण आफ्रिकेतून तयार खेळाडू विकत आणत आणि घरची मुलं बाकावर बसत. २०१० च्या सुमारास त्यांच्या लीगने अट घातली की संघात अमुक इतके खेळाडू फ्रान्समध्येच लहानपणापासून घडलेले असले पाहिजेत. क्लबांनी कुरकुर केली, पण अकादम्यांवर पैसा ओतावाच लागला. आठेक वर्षांनी त्याचं पीक आलं. २०१८ च्या संघातला रोमाँ न्तामाक वर्षभरातच थोरल्या संघाकडून खेळू लागला.

आशियाच्या दृष्टीने पाहायचं तर नजर जपानवर ठेवावी. वरच्या स्पर्धेत शेवटचा येणारा संघ खालच्या 'ट्रॉफी' स्पर्धेत जातो आणि ट्रॉफीचा विजेता वर येतो, अशी रचना बारा संघांच्या काळात रुळली. जपानसाठी ती सापशिडीच ठरली. २०१४ मध्ये हाँगकाँगला ट्रॉफी जिंकून वर, २०१६ ला खाली. २०१७ मध्ये उरुग्वेत पुन्हा ट्रॉफी, २०१८ ला पुन्हा खाली. २०१९ मध्ये ब्राझीलला पोर्तुगालवर ३५–३४ असा निसटता विजय मिळवून वर, आणि महामारीनंतर २०२३ ला परत खाली. ज्या देशात शाळांची रग्बी हजारो प्रेक्षक खेचते, ज्याच्या मोठ्या संघाने २०१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेला आणि २०१९ मध्ये आयर्लंड-स्कॉटलंडला हरवलं, त्याची वीस वर्षांखालची मुलं अव्वल बारांत टिकत नाहीत. युरोपातली याच वयाची मुलं दर आठवड्याला व्यावसायिक क्लबांत सराव करतात आणि जपानची मुलं विद्यापीठांच्या संघांत असतात, हे त्याचं एक कारण मानलं जातं. भारत या दोन्ही स्पर्धांत आजवर कधीच उतरलेला नाही.

या स्पर्धेला आणखी एक काम लागलेलं आहे, ते म्हणजे नव्या नियमांची चाचणी. उंच टॅकलला, म्हणजे समोरच्याला पाडताना खांद्याच्या वर पकडण्याला, ताकीद देण्याचा प्रयोग २०१८ मध्ये इथे झाला, आणि गंभीर फाउलचा निर्णय मैदानाबाहेर बसलेल्या पंचाने व्हिडिओ बघून द्यायचा, ही पद्धतही २०२३ मध्ये थोरल्यांच्या विश्वचषकाआधी या मुलांवर आजमावली गेली.

आता आपल्याकडे. भारतात रग्बी नवी आहे असं म्हणणाऱ्याला कोलकात्याचं साल सांगावं: १८७२. त्या वर्षीच्या नाताळात तिथे इंग्लंड विरुद्ध बाकी ब्रिटिश बेटं असा सामना झाला आणि पुढच्याच महिन्यात कलकत्ता फुटबॉल क्लब स्थापन झाला. क्लब फार टिकला नाही. लष्कराची पलटण हलली, क्लबातली फुकटची दारू बंद झाली आणि सभासद टेनिस-पोलोकडे वळले, असं सांगतात. बंद करताना त्यांनी बँकेतले चांदीचे रुपये काढून वितळवले आणि त्याचा चषक घडवून इंग्लंडला पाठवला. नागाच्या फण्यांच्या तीन मुठी आणि झाकणावर हत्ती असलेल्या या कलकत्ता कपासाठी इंग्लंड आणि स्कॉटलंड १८७९ पासून आजही भिडतात. भारताकडे तेव्हा राहिलं काय, तर उन्हाने तापलेलं कडक मैदान.

मैदानाचा मुद्दा गमतीचा नाही. टॅकल म्हणजे जमिनीवर पडणं आलंच, आणि आपल्या मुरमाच्या मैदानावर एप्रिलमध्ये पडून पाहा. म्हणूनच मुंबईत रग्बीचा हंगाम पावसाळ्यात असतो; बॉम्बे जिमखान्याचं मैदान तेव्हा मऊ असतं. अखिल भारतीय स्पर्धा १९२४ पासून आहे, पण अनेक दशकं ती कोलकाता, मुंबई, चेन्नईचे क्लब आणि लष्कर यांच्यातच फिरत राहिली. पुणं ही इतकी मोठी लष्करी छावणी, इथे बॅडमिंटनचे नियम बसवले गेले आणि त्या खेळाला काही काळ 'पूना' असंच नाव होतं. रग्बी मात्र छावणीच्या कुंपणाबाहेर फारशी आली नाही. भारताचा पुरुष संघ पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला तोच १९९८ मध्ये.

शाळकरी मुलांचा पहिला मोठा धक्का ओडिशातून आला. भुवनेश्वरच्या कलिंगा संस्थेतली आदिवासी मुलं २००७ मध्ये लंडनला १४ वर्षांखालच्यांच्या एका आंतरराष्ट्रीय शालेय स्पर्धेत गेली आणि अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेच्या संघाला हरवून आली. ऑक्टोबर २००९ मध्ये ऑलिंपिक समितीने सात जणांच्या रग्बीला २०१६ च्या रिओसाठी मान्यता दिली, आणि आपल्याकडचा पैसा, प्रशिक्षक, शिबिरं सगळं सेव्हन्सकडे झुकलं. यात शहाणपणही होतं. सेव्हन्सचा सामना सात-सात मिनिटांच्या दोन डावांचा. इथे वेग आणि पकड लागते, कबड्डी-अॅथलेटिक्समधली मुलगी दोन वर्षांत तयार होऊ शकते. पंधरा जणांचा संघ उभा करायचा तर राखीव धरून तीस मुलं लागतात, त्यातले पाच-सहा तरी प्रॉप-हुकर, आणि ते वर्षानुवर्षं त्याच जागी घडवावे लागतात.

पुण्याचा या खेळाशी खरा संबंध जुळला तो मुलींमुळे. २०१३ च्या मॉस्कोतल्या महिला सेव्हन्स विश्वचषकाची आशियाई पात्रता स्पर्धा ऑक्टोबर २०१२ मध्ये पुण्यात झाली. जपान आणि चीन पुढे मॉस्कोला खेळले, भारत नाही. पण पुण्याची वाहबिझ भरुचा, जी पेशाने फिजिओथेरपिस्ट आहे, भारताची कर्णधार झाली. २०१८ मध्ये भारतीय महिला पंधरा जणींच्या रग्बीत पहिल्यांदा उतरल्या आणि जून २०१९ मध्ये मनिला इथे त्यांनी सिंगापूरला २१–१९ ने हरवून पहिला विजय मिळवला. निर्णायक पेनल्टी मारली ती ओडिशाच्या सुमित्रा नायकने.

कनिष्ठ गटातही मुलींनीच खातं उघडलं. सप्टेंबर २०२१ मध्ये ताश्कंदला १८ वर्षांखालच्या आशियाई सेव्हन्समध्ये रौप्य; ऑगस्ट २०२५ मध्ये बिहारच्या राजगीरला वीस वर्षांखालच्या आशियाई सेव्हन्समध्ये कांस्य. राजगीरला! एके काळी रग्बी म्हणजे मुंबईचा कुलाबा आणि कोलकात्याचा पार्क स्ट्रीट असं समीकरण होतं, तिथून ही मजल. बिहार सरकारने मैदान दिलं, मुलींना वसतिगृहं दिली, आणि पोलीस भरतीत खेळाडूंना जागा दिसू लागल्या. त्याच वर्षी जूनमध्ये मुंबईत रग्बी प्रीमियर लीग झाली, तीही सेव्हन्सचीच.

वेल्समध्ये २००८ ला सुरू झालेली स्पर्धा २०२६ मध्ये जॉर्जियात पुन्हा सोळा संघांवर जात आहे. जागा चारने वाढल्या तरी भारताला त्याचा लगेच काही लाभ नाही, कारण तिथे जाण्याची वाट आशियातल्या १९-२० वर्षांखालच्या पंधरा जणांच्या सामन्यांतून जाते आणि तिथे हाँगकाँग, कोरिया वर्षानुवर्षं मुरलेले आहेत. बालेवाडीत धावपट्टी आहे, वसतिगृह आहे, शहरातच लष्कराची क्रीडा संस्था आहे. नाहीत ते अठरा ते वीसमधले तीस मुलगे, जे दोन पावसाळे एकाच संघात राहतील.